अंगठा ठेवून

रात्री पावणेदोन. पर्वतीच्या पायथ्याशी
पाणीपुरवठ्याच्या नियंत्रण कक्षात काळा पडदा,
समोर पोपटराव कुदळे, एका बोटाने टाईप करणारे.
"माझा थोरला भाऊ," ते सांगत होते, "शेवटपर्यंत म्हणायचा की..."
आणि घंटी वाजली. ते राहिलं.

'व्हॉल्व्ह बंद १' इथवर आले होते.
पुढचा चार शोधत बोट हवेत,
तेवढ्यात त्यांच्या एकाला चिकटून उमटलं:
'पद्मावती टाकी, पातळी ८२'.
खालच्या ओळीत नुसता कर्सर लुकलुकत,
आपला काही संबंध नसल्यासारखा.

"मॅडम, माझं लिहिलेलं गेलं का राहिलं?"

राहिलं होतं. आत, मेमरीत, शाबूत.
फक्त दिसत नव्हतं.
हे सांगताना माझं मलाच कळलं
की हे काही उत्तर नव्हे.
त्यांनी पहिल्यापासून पुन्हा टाईप केलं, एंटर दाबलं.
प्रोग्रॅमने वाचलं: व्हॉल्व्ह बंद १व्हॉल्व्ह बंद १४,
आणि म्हणाला, आज्ञा कळली नाही.
बरं झालं नाही कळली.
एखाद्या रात्री अर्धवट कळली असती
तर धनकवडीच्या नळांना सकाळी नुसती हवा आली असती.

प्रोग्रॅम माझा.
एक धागा माणसाचं ऐकणारा, एक टाक्यांचं,
आणि दोघांत पडदा एकच.
कुणी कधी बोलायचं हे मी ठरवलंच नव्हतं.

मग फोन वाजला, टेबलावरचा, वायरवाला.
कुदळे रजिस्टर लिहीत होते.
डाव्या हाताचा अंगठा अर्ध्या ओळीवर ठेवला,
उजव्याने रिसीव्हर. हं. वारजे? कधीपासून? हं.
फोन ठेवला. वरच्या मोकळ्या ओळीत पेन्सिलीने टिपलं,
अंगठा उचलला,
आणि 'दाब'पुढे 'कमी' लिहिलं,
त्याच शाईत, त्याच तिरकेपणात.

मी त्या अंगठ्याकडे बघत राहिले.

निरोप आला की आधी कुलूप लावायचं.
माणसाची अर्धी ओळ, आणि कर्सर कितव्या घरात होता ते, जपून ठेवायचं.
ओळ पुसायची. दुमडून दोन झाली असेल तर दोन्ही.
निरोप वर छापायचा, पूर्ण, त्याच्या स्वतःच्या ओळीवर.
खाली प्रॉम्प्ट पुन्हा काढायचा,
त्यापुढे ती अर्धी ओळ, होती तशी,
कर्सर होता तिथे. मग कुलूप उघडायचं.
बोट हवेत असेल तर हवेतच असू दे.
त्याला कळताही कामा नये.

तीन वाजेपर्यंत एवढं झालं, आणि मग मराठी आडवी आली.
पद्मावती: वाचताना अक्षरं चार,
यंत्राच्या हिशेबात आठ.
काना, वेलांटी, पाय मोडलेला द, सगळ्यांची वेगळी हजेरी,
आणि कर्सर जाऊन उभा भलत्याच दारात.
अक्षरं बोटांवर मोजली. माझ्या, मग कुदळ्यांच्या.

आणखी एक. ते म्हणाले,
"ब्याऐंशी मला कशाला सांगता? ब्याऐंशी म्हणजे बरं चाललंय.
वीसच्या खाली गेली की उठवा."
तेव्हा बरं चाललेले सगळे निरोप मी रांगेत बसवले,
एंटर होईपर्यंत.
फुटलेली लाईन मात्र थांबत नाही, तिला दार उघडं.

चार वाजून दहा मिनिटं. 'व्हॉल्व्ह बंद १'.
बोट हवेत. लष्करचा दाब वर उमटला,
खाली त्यांचा एक जागचा हलला नाही.
त्यांनी चार दाबला. एंटर.
काही बोलले नाहीत. थर्मासमधून चहा ओतला,
दोन घोट घेतले, आणि म्हणाले,
"...विहीर आपण विकलीच नव्हती."

"कुणी?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कप खाली ठेवला,
आणि न चिडता सगळी ओळ पुन्हा मांडून दिली:
"माझा थोरला भाऊ. शेवटपर्यंत म्हणायचा की..."